विश्लेषण : ताल आधी अंगात की आधी वहीत?

महाराष्ट्रातील असंख्य घरांत मुलांना शाळेत जाण्याआधीच मनाचे श्लोक तोंडपाठ होतात. समर्थ रामदासांचे हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर हे वृत्त पक्के बसलेले असते. तेच मूल पुढे व्याकरणाच्या तासाला लघु-गुरूच्या खुणा करत, ‘य य य य’ असे गण पाडत भुजंगप्रयात ‘ओळखायला’ बसते आणि गडबडते. कानाला ओळखीची असलेली गोष्ट वहीत परकी का होते? खूण आधी आणि अनुभव नंतर, ही शिकवण्याची उलटी वाट त्याला बरीच जबाबदार आहे. शरीर हेच वाद्य मानणारी ‘बॉडी पर्कशन’ पद्धत ती वाट सुलट करू पाहते.

बॉडी पर्कशन म्हणजे नेमके काय?

चुटकी, टाळी, मांडीवरची थाप आणि जमिनीवर आपटलेला पाय हे यातले चार मूळ आवाज. चुटकी सर्वात बारीक, पाऊल सर्वात खर्जातले. या चारांतून ठेका बांधायचा, तो तोंडाने म्हणायचा, मग त्यावर गाणे किंवा कविता चढवायची. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमन यांनी मुलांसाठी जी संगीतशिक्षण पद्धत घडवली, तिच्यात या चार आवाजांना पायाभूत स्थान आहे. त्याआधी जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ यांना आढळले होते, की वाद्यावर बोटे सफाईने चालणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लय आतून जाणवत नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना वाद्यापासून उठवले आणि तालावर चालायला लावले.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मंगळागौरीचा झिम्मा, फुगडी, टिपऱ्या, भजनातले टाळ, शाळेच्या मैदानावरची लेझीम, बालवाडीतली एका बोटापासून पाच बोटांपर्यंत वाढत जाणारी ‘पावसाची टाळी’ हे सारे याच कुळातले. फरक इतकाच, की हे खेळ सणाला किंवा कवायतीला जोडले गेले. भाषेच्या आणि संगीताच्या तासाशी त्यांची गाठ कोणी घातली नाही.

नुसते ऐकून भागत का नाही?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांचा २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. सात महिन्यांच्या बाळांना एक ठेका ऐकवण्यात आला. त्यात कोणत्याच ठोक्यावर जोर नव्हता. तो ऐकताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर झुलवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही प्रकार ऐकवले, तेव्हा ज्या बाळाला जसे झुलवले होते, त्याच प्रकारचा ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिले. आवाज तोच होता; तो दोन-दोनचा की तीन-तीनचा, हे शरीराच्या हालचालीने ठरवले. डोळे बांधले तरी परिणाम टिकला. मात्र दुसऱ्या कोणाला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांत तो दिसला नाही. पुढ्यात व्हिडीओ लावून मुलांना तालाचा ‘परिचय’ करून देणाऱ्यांनी हा शेवटचा भाग नीट वाचावा.

हाताने ताल देणे आपल्याकडे होतेच ना?

होते, आणि फार प्रगल्भ रूपात. तीनतालाच्या १६ मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी असते आणि नवव्या मात्रेला खाली. खालीला हात वाजत नाही, तो हवेत उलटा होतो. कर्नाटक संगीतात आदितालाच्या आठ मात्रा टाळी, करंगळीपासून तीन बोटे, मग दोनदा टाळी आणि उलटा हात अशा क्रमाने मोजतात, तर ‘कोन्नक्कोल’मध्ये तालवाद्याचे बोल तोंडाने म्हणतात. न वाजणारी मात्राही मोजायची असते, हे ‘खाली’ शिकवते. चार पाश्चात्त्य आवाजांत या मौनाला वेगळी खूण नाही. म्हणून मराठी शाळेत ही पद्धत आणायची तर ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. समेला पाऊल, टाळीला टाळी आणि खालीला हात उलटा, इतका बदल केला की सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा मुलांच्या आवाक्यात येतात. सात मात्रांचा रूपक मात्र नंतर घ्यावा. त्याची समच खालीवर असते, आणि आवर्तनाची सुरुवात न वाजवता करणे मोठ्यांनाही चकवते.

वृत्त कसे शिकवता येईल?

लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. लघूला चुटकी द्यावी. गुरूला टाळी वाजवून हात पुढची एक मात्रा जुळलेलेच ठेवावेत. भुजंगप्रयाताच्या प्रत्येक गणात लघू-गुरू-गुरू असा क्रम आहे. म्हणजे चुटकी, टाळी-थांबा, टाळी-थांबा. मात्रा पाच झाल्या. असे चार गण, म्हणजे एका चरणात बारा अक्षरे आणि २० मात्रा. पाठ असलेला श्लोक या हालचालींवर दोनदा म्हटला की गण कुठे तुटतो, हे हातालाच कळते. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे. तोवर त्याला काहीतरी अर्थ आलेला असतो. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांसाठी तर प्रत्येक अक्षराला मांडीवर थाप आणि खंड संपताच टाळी एवढे पुरते.

वय पाहून बदल करावे लागतात. लहान मुलांना चुटकी वाजत नाही. तिथे तळहात घासावेत. मुलांना सोपे जावे म्हणून शिक्षक लय फार संथ ठेवतात, पण लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा द्रुत असते आणि संथ लय सांभाळणेच त्यांना कठीण जाते.

याने गणित सुधारते का?

असे सांगून शिबिरांचे शुल्क घेतले जाते, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. जोवान्नी साला आणि फर्नांद गोबे यांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास, म्हणजे सुमारे सात हजार मुलांची माहिती, एकत्र तपासली. अभ्यास जितके काटेकोर, तितका संगीतशिक्षणाचा बुद्धीवर आणि इतर विषयांवरचा परिणाम शून्याकडे झुकलेला त्यांना दिसला. वाचनाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. लय पकडण्यातील अडचण आणि वाचनदोष यांचा संबंध केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी दीर्घकाळ अभ्यासला आहे. पण त्यावरून टाळ्यांनी वाचनदोष बरा होतो, असे म्हणता येत नाही. ताल हा तालासाठी आणि कवितेसाठी शिकवावा, एवढे कारण पुरेसे मानायला शाळांनी का कचरावे?

अडते कुठे?

पैशांवर तर नक्कीच नाही. शेजारच्या वर्गाची तक्रार ही खरी अडचण, आणि पाय आपटणारी चाळीस मुले वरच्या मजल्यावर असतील तर ती रास्तही आहे. तो भाग मैदानात घ्यावा. मोठी अडचण स्नेहसंमेलनाची. दोन महिने एकच ठेका घोटून घेतला जातो, ज्याचा हात चुकतो तो मागच्या रांगेत जातो, पुढे संघातूनच गळतो आणि ‘बेताल’ हे बिरुद घेऊन मोठा होतो. खरे तर तीन-चार वर्षांच्या मुलाचा ठोका चुकणे हे वयाचे लक्षण आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००९ मधील प्रयोगात हीच लहान मुले यंत्रापेक्षा माणसाबरोबर अधिक अचूक वाजवत होती. तेव्हा ज्याचा हात चुकतो त्याला शिक्षकाच्या शेजारी उभे करावे.

परीक्षा घ्यायचीच असेल तर कागद लागत नाही. तीनतालाची चार आवर्तने हाताने द्यावीत, पुढची दोन सर्वांनी डोळे मिटून मनातच मोजावीत आणि नंतरच्या समेला एकदम टाळी द्यावी. आधी ती टाळी पावसासारखी विखुरलेली पडेल. रोज दहा मिनिटे दिली तर महिन्याभराने ती किती जवळ आली, हे वर्गातल्या कोणालाही ऐकू येईल.