वाण कागदावर, गुण कुरणात

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण पोरांच्या वाईट संगतीसाठी राखून ठेवली आहे. खरे तर ती संगतीच्या ताकदीची म्हण आहे. संगत चांगली असेल तर गुणही चांगलेच लागणार. म्हण बैलांची असली, तरी ती चपखल बसते घोड्याच्या शिंगरांना; आणि घोड्यांविषयी बोलायचा थोडा अधिकार आमच्या मुलखाला आहे. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने वडकबाळला सीना ओलांडली की मंद्रूपचे काळे रान लागते. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा आणि पुढे हत्तरसंग कुडलला दोघींचा संगम. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवरून दौडल्या, ती भीमथडीची तट्टे याच भीमेच्या खोऱ्यातली.

या तट्टाची 2023-24 साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंगतीत भीमथडी आठवी येऊन बसली. आनंदच आहे. पण नोंदीने वाण ठरले, गुणांचे काय?

घोडी अकरा महिने शिंगरू पोटात वागवते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते पायांवर उभे राहते. सहाएक महिन्यांनी दूध तुटते आणि मालकापुढे प्रश्न येतो, आता याला ठेवायचे कुठे? चांगल्या स्टड फार्मवर उत्तर ठरलेले असते. सारख्या वयाची शिंगरे एकत्र कुरणात सोडतात. वर्षाच्या आसपास नर वेगळे काढतात आणि त्यांच्या टोळीत खच्ची केलेला एखादा वयस्क, शांत घोडा ठेवतात. हा त्यांचा मास्तर.

मास्तर फार बोलत नाही. एखादे शिंगरू मस्तीत अंगावर आले तर आधी कान मागे पाडतो. भागले नाही तर मान लांब करून दात दाखवतो. लाथ अगदी शेवटी. मग शिंगरू तोंडाची उघडझाप करून ‘मी लहान आहे’ असे कबूल करते. नर शिंगरे एकमेकांच्या मानेला, गुडघ्याला चावे घेतात, मागच्या पायांवर उभी राहून झोंबतात. पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. खरी ती तालीम असते. कुठे थांबायचे, कोणाला वाट द्यायची, हे तिथे कळते. धावण्याने हाडे बळकट होतात ती वेगळीच.

उलट अगाडी-पिछाडी घालून एकटे वाढवलेले शिंगरू पाहा. उभ्या जागी डुलत राहते, गव्हाणीची लाकडे चावते. हातून गूळ खाऊन लाडात वाढलेले असेल तर माणसालाच सवंगडी समजते. तीन महिन्यांच्या शिंगराने घेतलेला चावा घरातल्यांना गमतीचा वाटतो. तेच धूड तीन वर्षांनी अंगावर आले की ‘घोडा माजला’ म्हणून चाबूक निघतो. त्यातून वरातीत नाचवायची हौस. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाचेक वर्षे लागतात, पण शिंगरू दोन वर्षांचे होते न होते तोच ढोलावर पाय उचलायला लावणारे आहेत. अकलूजच्या बाजारात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत उंची, रंग, कान, चाल सगळे पाहिले जाते. ‘हा कोणाबरोबर वाढला?’ हा प्रश्नही गिऱ्हाइकाने विचारायला हवा.

धनगरांच्या वाड्यावर हा प्रश्नच पडत नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन घोडी चालते, मागून तिचे शिंगरू. भोवती मेंढरे, कुत्री, पोरेबाळे आणि इतर घोडी. भीमथडी तगली ती मुख्यतः या वाड्यांवर. दूध तुटल्यापासून अडीच वर्षांपर्यंत, किंवा नियमित कामाला लागेपर्यंत, शिंगरांना समूहातच ठेवले पाहिजे असा नियम स्वित्झर्लंडने 2008 साली केला. आमचा धनगर हे नियमावाचून करत आला.

‘एकत्र सोडली की जनावरे जायबंदी होतात,’ असे घोडेवाले म्हणतात. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण जागा अपुरी, वैरण एकाच ठिकाणी आणि कळपात सारखे नवे जनावर घुसडलेले, असे असले की इजा वाढते. जागा ऐसपैस, वैरण तीन-चार ठिकाणी आणि टोळी कायम ठेवली तर बहुधा ओरखड्यांवर भागते.

म्हणजे प्रश्न शेवटी जागेचा. आणि जागा म्हटले की माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. शेळ्यांच्या कर्जाला ‘दहा शेळ्या, एक बोकड’ असा गट मांडला जातो. कळप ही कल्पना बँकेला परकी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगांसाठी 50 टक्के भांडवली अनुदान मंजूर केले, कमाल 50 लाख रुपये. त्याच निर्णयात पडीक आणि चराऊ जमिनींवर वैरण वाढवण्यालाही मदत आहे. ही दोन कलमे वेगळ्या टेबलांवर राहिली तर एकीकडे फरशीचे तबेले उठतील आणि दुसरीकडे गायराने अतिक्रमणात जातील. गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले आहे.

माझे म्हणणे साधे आहे. भीमाकाठच्या चार-पाच गावांनी मिळून एका गायरानाला कुंपण घालावे. दूध तुटलेली शिंगरे मालकांनी तिथे महिन्याच्या ठराविक आकारावर ठेवावीत. एक वयस्क घोडा मास्तर म्हणून असावा आणि देखरेखीला पगारावर धनगर नेमावा, कारण या विद्येत तोच पदवीधर. आमच्या दुष्काळी मुलखात नुसत्या गवतावर भागणार नाही. ज्वारीचा कडबा आणि थोडा हुलगा लागेल. तो खर्च धरूनही, एकट्याने तबेला बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

दार लावून एकुलत्या लेकराला टीव्हीपुढे बसवणाऱ्या आपल्या घरांनाही यात काही सापडेल. ते ज्याचे त्याने पाहावे. शिंगरांना मात्र स्वतःचे पाहता येत नाही. पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला तर त्यांच्या वतीने एखादा हात वर व्हावा.