कुलकुलांना हात लागतात

नाताळातला कुलकुल हा एकटीने करायचा पदार्थच नाही. नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची, पसरली की गुंडाळत अलगद सोडवायची, तळायची, मग साखरेच्या पाकात घोळायची. किलोभर मैद्याला एकटी बाई बसली तर अख्खी दुपार जाते आणि अंगठा बधिर होतो. वसईतल्या जुन्या घरांत हे काम ओटीवर व्हायचं. सासू, जावा, गावातच दिलेली नणंद, शेजारची काकी, शाळेतून आलेली पोरं, सगळी गोल करून बसायची. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. बोलता बोलता डबे भरायचे.

डबे आजही तेवढेच आहेत. एक जाऊ मिरा रोडला राहायला गेली, नणंद आखातात, मुलगा कॅनडात, आणि घरात जी उरली ती सकाळची चर्चगेट लोकल पकडते ती रात्री आठला दारात येते. त्यात कचेरीत वर्षअखेर. घरी रंगकाम, पडदे, गोठा, चांदणी, मुलांचे कपडे, केक, तळलेले फुगे, मांसाचं इंदेल. नाताळाआधीच्या आगमनकाळात आपल्यात सहसा लग्नं लावत नाहीत, त्यामुळे नाताळ झाला रे झाला की पत्रिकांची रांग लागते आणि आहेरही त्याच पगारातून काढायचा असतो. वीस-बावीस तारखेला घरची बाई एवढ्या-तेवढ्यावरून रडकुंडीला येते, तेव्हा तिच्या स्वभावात खोट शोधू नये. दहा हातांचं काम दोन हातांवर आलेलं असतं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या मार्थाची गोष्ट या दिवसांत मला हटकून आठवते. घरी येशू आला आहे, बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे आणि मार्था पाहुणचारात बुडाली आहे. ती तक्रार करते, तेव्हा तू फार गोष्टींची दगदग करतेस, असं तो तिला सांगतो. प्रवचनांत मार्थाला नेहमी उणं ठरवतात. मला तिची कणव येते. तिने बसावं हे खरंच. पण ती बसायची तर घरातल्या बाकीच्यांनी उठायला हवं. आमच्या घरी आता गोळ्या वळायला सगळे बसतात, पुरुषही. जेवढं एका दुपारी होईल तेवढंच करायचं. करंज्या मात्र गावातल्याच एका बाईकडून विकत आणतो. तिचाही सण त्या पैशांवर होतो, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

दुसरी सोय तर चर्चच्या पंचांगातच आहे. नाताळाआधीचे चार रविवार हे आगमनकाळाचे. वेदीवर जांभळा रंग, मिस्सेत गौरवगीत नाही. हा काळ थांबण्याचा, वाट पाहण्याचा. सण सुरू होतो 24 तारखेच्या संध्याकाळी आणि तीन राजांच्या सणापर्यंत, त्याच्याही पुढे चालतो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कुएली इथे 6 जानेवारीला राजांचा सण केवढ्या थाटात होतो! आपण मात्र बाजाराच्या तालावर सगळा नाताळ 25 तारखेच्या आधी कोंबतो आणि 26 ला थकून आडवे होतो. भेटीगाठी, फराळाची ताटं, मामाकडचं जेवण, हे सगळं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पसरवता येतं. राजे उशिरा पोचले म्हणून त्यांना गोठ्यातून कुणी परत पाठवलं नाही.

सगळ्यांत अवघड दिवस जातात ते ज्यांच्या घरातलं माणूस यंदा गेलं त्यांचे. गोव्यात अशा घरी गोडधोड करत नाहीत. शेजारी कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट नेऊन देतात. या रीतीत मोठं शहाणपण आहे. शोकात असलेल्या घराला तिने सणाच्या कामातून मोकळं केलं आणि तरीही सणाच्या बाहेर ठेवलं नाही. परदेशात काही चर्चेसमध्ये 21 डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या सुमारास दुःखितांसाठी वेगळी उपासना असते. आपल्या धर्मग्रामांतही ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोवर ताट घेऊन आपण जाऊ शकतो. गेल्यावर, चांदणी का लावली नाही, असं विचारू नये. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. ते नाव ऐकायला घरातली माणसं आसुसलेली असतात. आणि कुणाची झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर सण सरण्याची वाट न पाहता त्याला डॉक्टरकडे न्यावं. सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.