पक्ष बदलायचा तर कामावरून बदला

बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळतो. सकाळच्या पाळीला गेटवर दोन रांगा लागतात, एक कंपनीच्या मस्टरवरच्या कामगारांची आणि दुसरी ठेकेदारांच्या माणसांची. पहिली वर्षागणिक आखूड होत गेली, दुसरी लांबत गेली. दोघं एकाच रिअॅक्टरवर राबतात. पगार वेगळा, रजा वेगळ्या, उद्याची खात्री वेगळी. त्यामुळे आमचा नेता कोणत्या पक्षात गेला यापेक्षा तो कशासाठी गेला, हे मी बघतो.

राजेंद्र गावितांचंच घ्या. 2009 साली ते काँग्रेसचे पालघरचे आमदार झाले, आदिवासी विकास राज्यमंत्रीही होते. चिंतामण वनगांच्या निधनानंतर 2018 ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी भाजपकडून जिंकली. 2019 ला युतीत जागा शिवसेनेकडे गेली, तेव्हा ते शिवसेनेचे खासदार झाले. 2022 मध्ये एकनाथ शिंदेंबरोबर गेले. 2024 ला जागा भाजपकडे आली, उमेदवारी हेमंत सवरांना मिळाली आणि गावित भाजपमध्ये परतले. त्याच वर्षी विधानसभेला ते शिंदेंच्या शिवसेनेचे पालघरचे आमदार झाले. बोईसरचे विलास तरे दोनदा बहुजन विकास आघाडीकडून निवडून आले, आज शिवसेनेत आहेत. श्रीनिवास वनगा वडिलांचा भाजप सोडून शिवसेनेत गेले. यांतले बहुतेक बदल जागावाटपाच्या आसपास झाले. आमच्या नाक्यावर त्यांची चर्चा तिकिटावरून झाली, कामावरून कधीच नाही.

पक्ष बदलणं हे मुळातच पाप, असं मला वाटत नाही. डिसेंबर 1991 मध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी छगन भुजबळांनी काही आमदारांसह शिवसेना सोडली. व्ही. पी. सिंगांनी 7 ऑगस्ट 1990 रोजी इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या नोकऱ्यांत 27 टक्के आरक्षण जाहीर केलं होतं. शिवसेनेला जातीवर नव्हे, आर्थिक निकषावर आरक्षण हवं होतं. भुजबळ मंडल आयोगाच्या या आरक्षणाच्या बाजूनं उभे राहिले आणि काँग्रेसमध्ये गेले. विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींना मिळाल्याची नाराजीही त्यामागे होती, असं तेव्हापासून सांगतात. असेल. दोनदा मुंबईचा महापौर झालेला माणूस पद मागणारच. पण त्यानं सांगितलेलं कारण नोकऱ्यांच्या धोरणाचं होतं आणि ते पुढं तपासता येण्याजोगं होतं. 1995 ला माझगावात बाळा नांदगावकरांनी त्यांना हरवलं, तरी त्यांनी तो मुद्दा टाकला नाही.

त्याचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो. पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड च्या पदांमध्ये ओबीसींचा वाटा कमी केलेला होता. आमच्याकडे तो 9 टक्के होता. भुजबळांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ उपसमितीनं फेरविचार केला आणि 2021 मध्ये तो 15 टक्के झाला. मुख्यमंत्री तेव्हा शिवसेनेचे उद्धव ठाकरे होते. ज्या मुद्द्यावरून पक्ष सोडला, त्याच मुद्द्यावर तीस वर्षांनी त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. माझी भाची तेव्हा तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आमच्या घरात हा आकडा पाठ होता.

कारखान्यांचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. 2008 च्या शासन निर्णयानुसार उद्योगांत 80 टक्के कामगार आणि पर्यवेक्षकांत निम्मे स्थानिक हवेत. महाविकास आघाडीनं 2019 मध्ये किमान समान कार्यक्रमात याचा कायदा करू असं लिहून दिलं. सरकार 2022 ला गेलं, कायदा आला नाही. त्या काळात आमचे खासदार आघाडीतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे होते. कायदा का होत नाही म्हणून त्यांनी पक्ष सोडण्याची धमकी दिली असती, तर मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो असतो.

4 ऑक्टोबर 2024 ला मंत्रालयात विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळांनी संरक्षक जाळीवर उडी घेतली. पेसा क्षेत्रातली रखडलेली भरती करा, धनगरांना अनुसूचित जमातींत घेऊ नका, या मागण्या होत्या. त्यांच्यासोबत हेमंत सवरा होते, बोईसरचे तेव्हाचे आमदार राजेश पाटीलही होते. पक्ष वेगवेगळे, उडी एकत्र. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला. पुढं आमच्या आदिवासी पोरांना मानधनावर नेमणुका मिळाल्या, म्हणजे तीही दुसऱ्या रांगेतच आली. जाळीवर उतरणाऱ्यांपैकी कुणी यावरून पक्षाला जाब विचारल्याचं मी ऐकलं नाही.

आता 76 हजार कोटींच्या वाढवण बंदरातून दहा लाख रोजगार येतील, असं केंद्र सरकार सांगतं. मासेमारी जाणाऱ्या घरातल्या पोरांना यातलं काय मिळणार? जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांनी आणि खासदारांनी एवढंच करावं: तारापूरच्या प्रत्येक कारखान्यात आणि बंदराच्या प्रत्येक ठेक्यात कायम किती, ठेकेदारी किती, त्यात स्थानिक किती, याची यादी दर सहा महिन्यांनी जाहीर करायला लावावी. टाइम ऑफिसात ती माहिती आजही असते, काढायला एक दुपार पुरते. ज्याच्या पक्षाला हे नको असेल, त्यानं त्या कारणासाठी खुशाल पक्ष सोडावा. त्याच्या पहिल्या सभेला मी दुसऱ्या रांगेतली माणसं घेऊन येईन.