वीज गेल्यावर प्रवाळाचे काय?

मे महिना जवळ आला की देखभाल-दुरुस्तीसाठी अमुक वेळेत वीजपुरवठा बंद राहील, असे संदेश घरोघरी येऊ लागतात, आणि त्याच दिवसांत मुलांच्या सुटीचे निमित्त साधून समुद्री मत्स्यालय घरी आणण्याचे बेतही ठरतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे, हे मात्र टाकी विकणाऱ्याच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही. काच, स्टँड, दिवे, पंप, मीठ, खडक, मासे आणि प्रवाळे यांचे दर त्यात ओळीने मांडलेले असतात. वीज गेल्यावर या सजीवांचे काय होणार, यासाठी एकही ओळ नसते. ग्राहक विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही, आणि या दुहेरी मौनाची किंमत शेवटी ज्यांना बोलता येत नाही त्या प्राण्यांना मोजावी लागते.  

प्रवाळ टाकी, जिला शौकीन मंडळी रीफ टँक म्हणतात, ही गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा मुळातच वेगळी व्यवस्था आहे. प्रवाळ ही दगड किंवा वनस्पती नसून पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांची वसाहत असते, आणि या प्राण्यांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. मुख्य टाकीच्या खाली सम्प नावाची दुसरी टाकी असते, तिच्यातून पाणी वर चढवणारा तो रिटर्न पंप, फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारा तो स्किमर, आणि मुख्य टाकीत लाटांसारखा प्रवाह निर्माण करणारा तो वेव्हमेकर. यांतील एकही उपकरण विजेवाचून चालत नाही.

वीज जाताच हे सर्व एकाच क्षणी थांबते, परंतु प्रत्येकाची निकड सारखी नसते. डोळ्यांना प्रथम अंधार जाणवतो म्हणून माणसाचा पहिला विचार दिव्यांकडे जातो. वस्तुतः ढगाळ हवेत आणि गढूळ पाण्यात समुद्रातील प्रवाळांनाही अनेक दिवस अपुऱ्या प्रकाशात काढावे लागतात, आणि टाकीतील दिवे दोन-तीन दिवस बंद राहिल्याने निरोगी प्रवाळ सहसा दगावत नाही. सर्वांत आधी तुटवडा पडतो तो प्राणवायूचा. २६ अंश सेल्सिअस तापमानाचे समुद्राचे पाणी पूर्ण संपृक्त असले, तरी त्याच्या एका लिटरमध्ये साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळलेला असतो. तेवढ्याच उष्ण गोड्या पाण्यात तो आठ मिलिग्रॅमपर्यंत असतो, आणि एक लिटर हवेत तर अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. याचा अर्थ असा, की २०० लिटरच्या टाकीतील सारे मासे, प्रवाळे, खेकडे, कोळंब्या आणि खडकांच्या छिद्रांत राहणारे अब्जावधी जिवाणू मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम सव्वा ग्रॅम प्राणवायूवर अवलंबून असतात. ही शिल्लक पाण्याच्या पृष्ठभागातून सतत भरून निघत असते, आणि ती भरून निघण्यासाठी पृष्ठभाग हलता राहावा लागतो, कारण स्तब्ध पाण्यात वरच्या थरातील प्राणवायू तळापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. दिवसा शैवाले प्राणवायू निर्माण करून या कामी हातभार लावतात, मात्र अंधार पडला की तीही इतरांप्रमाणे तो वापरू लागतात. त्यामुळे रात्री दोन वाजता गेलेली वीज दुपारी दोन वाजता गेलेल्या विजेपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते. दाट वस्तीच्या टाकीत मासे काही तासांतच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, आणि त्या वेळी घरातील माणसे बहुधा झोपलेली असतात.

ही गरज भागवायला लागणारी शक्ती मात्र अगदी अल्प आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अधिक बोचते. हवेचे बुडबुडे सोडणारा लहान पंप किंवा कमी क्षमतेचा एखादा वेव्हमेकर सुमारे दहा वॉटवर चालतो. तोही हाताशी नसेल, तर टाकीतलेच पाणी तांब्याने उचलून थोड्या उंचीवरून धार धरून पुन्हा टाकीत सोडत राहिले आणि घरातील माणसांनी पाळ्या लावून हे काम केले, तरी वीज येईपर्यंत वेळ निभावून नेता येते. या काळात माशांना खाद्य मात्र मुळीच घालू नये, कारण न खाल्लेले खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायू शोषून घेते.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. सर्वसाधारण घरात १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तास क्षमतेची ट्यूब्युलर बॅटरी असते, म्हणजे कागदावर तिच्यात १८०० वॉट-तास ऊर्जा साठते. पण शिसे आणि आम्ल यांवर चालणारी ही बॅटरी दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल, तर त्यातील निम्मीच ऊर्जा वापरणे योग्य असते. तीन जुने छतपंखे आणि तीन-चार दिवे चालू असले, तर तेवढे ९०० वॉट-तास तीन तासांच्या आतच संपतात. रात्री बाराला वीज गेली, तर पहाटे कधीतरी पंखे थांबतात, घामाने जागी झालेली माणसे खिडक्या उघडतात, आणि टाकीतील पंपही त्याच क्षणी थांबला आहे, हे मात्र सकाळी कळते. इन्व्हर्टर विकणारा घरातील पंखे, दिवे, दूरचित्रवाणी संच आणि फार तर फ्रिज मोजतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील टाकी त्याच्या मोजणीत नसते, कारण तिच्याविषयी त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून टाकीची बॅटरी घराच्या बॅटरीपासून स्वतंत्र असली पाहिजे, हा नियम अपवादाशिवाय पाळण्याजोगा आहे.

स्वतंत्र बॅटरी घेतल्यावरही ती इन्व्हर्टरमधूनच वापरावी असे नाही. इन्व्हर्टर काही भार नसतानाही स्वतः दहा ते वीस वॉट वीज खात असतो, म्हणजे दहा वॉटच्या पंपासाठी तो चालू ठेवला, तर पंपाइतकी किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा यंत्रच वापरते आणि वर सांगितलेले ९०० वॉट-तास दोन दिवसांच्या आत संपतात. तोच पंप १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारा असला आणि फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडला, तर तेवढीच ऊर्जा साडेतीन दिवसांपेक्षा अधिक पुरते. इन्व्हर्टर वापरणे अपरिहार्यच असेल, तर तो साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरगुती विजेसारखाच सुरळीत तरंग देणारा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मत्स्यालयातील पंप गुरगुरतात आणि तापतात. लहान टाकीसाठी, वीज जाताच आपोआप सुरू होणारे आणि आतच भारित होणारी बॅटरी असलेले हवेचे पंप बाजारात मिळतात, आणि मालक घरी नसताना किंवा झोपेत असताना हे आपोआप सुरू होणेच निर्णायक असते. आम्लाची बॅटरी टाकीखालच्या बंद कपाटात कधीही ठेवू नये: भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि कपाटातील खारट दमटपणाने तिचे टर्मिनल गंजतात.

उष्णतेचा प्रश्न वेगळा आहे, आणि येथे परदेशी ग्रंथांतील सल्ला जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरते. अमेरिका-युरोपात वीज अनेकदा हिमवादळात जाते, म्हणून तेथील पुस्तके टाकी ब्लँकेटने गुंडाळायला आणि हीटर चालू ठेवायला सांगतात. महाराष्ट्रात वीज जाते ती एप्रिल-मेच्या काहिलीत किंवा पहिल्या वादळी पावसात, आणि पाण्याचे तापमान दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाले बाहेर टाकून पांढरे पडते. पाणी थंड करणारा चिलर बॅटरीवर चालवणे बहुतेक घरांना परवडणारे नाही, कारण त्याचा काँप्रेसर शेकडो वॉट मागतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. बर्फाने भरलेली एक लिटरची बाटली २०० लिटर पाण्यात सोडली, तर तापमान अवघे अर्ध्या अंशाने उतरते. त्यापेक्षा टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा सोडणे अधिक उपयोगी पडते, कारण एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाले, तर तेवढ्याच टाकीतून जवळपास तीन अंशांइतकी उष्णता निघून जाते. हा उपाय पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत मात्र कमी. उडालेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच घालावी, कारण मीठ मागेच राहिलेले असते.

आणखी एक धोका पाणी सांडण्याचा आहे: वीज गेल्यावर रिटर्न पंपाच्या नळीतून मुख्य टाकीतील पाणी उलटे सम्पमध्ये उतरते. तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी नसेल, तर खारे पाणी जमिनीवर आणि तेथून विजेच्या बोर्डापर्यंत जाते. नवी टाकी बसवताना पंप मुद्दाम बंद करून हे एकदा पाहून घ्यावे.

आपल्याकडे वीज जातच नाही, हा मुंबईकरांचा युक्तिवाद १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी निकालात निघाला आहे. त्या दिवशी पारेषण वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली, आणि ज्या घरांनी इन्व्हर्टरची गरजच कधी ओळखली नव्हती, त्यांच्याजवळ एखादी बॅटरीही नव्हती. त्याच वर्षी ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतील अनेक गावांना तर कित्येक दिवस वीज मिळाली नाही. मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सवर आले, तेव्हा तेथील ऑडुबॉन मत्स्यालयाची इमारत बरीचशी शाबूत राहिली, पण पुढच्या काही दिवसांत जनित्र बंद पडले आणि सुमारे दहा हजार माशांपैकी बहुतेक मेले. तेथील पेंग्विन आणि समुद्री पाणमांजरे वाचली व कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे हलवली गेली, कारण त्यांचा श्वास हवेतला होता.

घरातील टाकीविषयी हा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते बॅटरीपेक्षा मोठे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली समाविष्ट करण्यात आले, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. भारतीय समुद्रातून असे प्रवाळ तोडणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, आणि दुकानात मांडलेला रंगीत तुकडा नेमका कोठून आला, याची कागदपत्रे मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. महाराष्ट्राला स्वतःची प्रवाळे आहेत: सिंधुदुर्गात १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात ती आहेत, आणि विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँक या बुडीत पठारावरही आहेत. अशा ठिकाणाहून एखादे प्रवाळ तोडून आणायचे आणि मग पहिल्याच खंडित रात्री हवेअभावी ते गमवायचे, याला छंद म्हणता येत नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊनफिशसारख्या शोभिवंत माशांची बंदिस्त पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे, आणि ज्याला समुद्री टाकीच हवी आहे, त्याने पैदास केलेले मासे आणि कायद्याच्या यादीत नसलेली मृदू प्रवाळे यांपुरतेच समाधान मानावे. मात्र या माशांनाही रात्री श्वास लागतोच.

ज्या घरात वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा आणि किमान एक रात्र व एक दिवस चालणारा हवेचा पंप नाही, त्या घरात समुद्री टाकी आणू नये, आणि जो विक्रेता या पंपाविषयी स्वतःहून बोलत नाही, त्याच्याकडून टाकी घेऊ नये. टाकी आधीच घरात असेल, तर नव्या दिव्यांवरचा खर्च पुढे ढकलून हा पंप पावसाळ्यापूर्वी घ्यावा, आणि घेतल्यावर टाकीचे मुख्य बटण बंद करून, जागे राहून, एक रात्र तो चालवून पाहावा.