विरजण

विरजणाशिवाय दही लागत नाही, हे कोणाही गृहिणीस सांगावयास नको. संगणकांच्या दुनियेतही हाच न्याय चालतो, हे मात्र मला मारेगावी कळले.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले, वणीजवळचे तालुक्याचे गाव. मुलूख कापसाचा. तेथे माझा भाचा शाळेतल्या मुलांना संगणक शिकवतो. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा त्याच्यापुढे दानात आलेली सहा जुनी यंत्रे मांडलेली होती. धर्माच्या गाईला दात का नाहीत, असे विचारू नये म्हणतात. पण या गाईंना दात मुळीच नव्हते! नव्या धर्तीचा कंपायलर त्यांच्यासाठी तयार मिळेना, आणि तो नाही बसला तर सहाही यंत्रे भंगारात जाणार होती.

कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसाने लिहिलेली आज्ञावली तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जगाला दिलेला 'जीसीसी' हा असाच एक दुभाषी. त्याचे मूळ लिखाण कोणीही घ्यावे आणि आपल्या यंत्रावर बांधावे. पण मेख अशी, की ते लिखाण माणसाच्या सोयीच्या भाषेत! ते उतरवायला आधी दुसरा दुभाषी हवा. म्हणजे विरजण आलेच. बरे, २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसीला सी प्लस प्लस जाणणारे विरजण लागते, आणि या यंत्रांत होते जुन्या सी भाषेचे. तेव्हा भाच्याने आधी ४.७ बांधला आणि त्याच्या खांद्यावर उभे राहून पुढचा.

बांधणी रात्रभर चालली. यंत्राची स्मृती तोकडी, म्हणून एका वेळी एकच काम. मध्येच वीज गेली. मी हळहळलो, तर तो म्हणतो, "मामा, झालेलं काम जागेवरच राहते. लाइन आली की पुढून चालू."

खरी गंमत पुढे आहे. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. पहिला बांधतो जुना परका दुभाषी, दुसऱ्याला बांधतो पहिला, तिसऱ्याला दुसरा. मग दुसरा आणि तिसरा अक्षरशः जुळवून पाहतात. एका खुणेचाही फरक चालत नाही. पहिल्याशी का नाही जुळवायचे? कारण त्याच्या अंगावर परक्या हाताची घडण असते. शेजारणीच्या विरजणाची चव पहिल्या दह्याला थोडी लागतेच की!

कधी एका यंत्रावर बसून दुसऱ्याच जातीच्या यंत्रासाठी दुभाषी बांधतात. तळहाताएवढ्या रास्पबेरी पायसाठी भाच्याने तेच केले. पण असा दुभाषी स्वतःला बांधू शकत नाही, त्यामुळे ही परीक्षा त्याला नाही.

पहिले विरजण मग आले कोठून? माणसांनी हाताने लावले. ग्रेस हॉपर बाईंनी १९५२ च्या सुमारास सुरुवात केली, १९५७ साली जॉन बॅकस यांच्या मंडळींनी फोरट्रान आणला. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र उभे केले. पुढे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने जीसीसीचे पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा भरवल्या. तो कसा बांधावा, हेही तेथे शिकवत.

एक भीती मात्र राहतेच. केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली दाखवले, की मूळ लिखाण स्वच्छ असूनही जुन्या दुभाष्यातली लबाडी वंशजांत गुपचूप उतरू शकते. नुसते दूध पाहून विरजण कळत नाही, ते हे असे.

आमच्या सहांपैकी पाच यंत्रांवर जुळणी चोख झाली. सहावे मात्र दर वेळी नव्याच ठिकाणी अडे. भाच्याने ओळखले, की दुभाषी निर्दोष आहे. लिखाणात चूक असती तर रोज एकाच जागी अडला असता. खोट स्मृतीच्या पट्टीत होती. एका मेलेल्या यंत्रातली पट्टी त्याने काढून बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावले. मी परतीच्या एसटीत बसलो तेव्हा दुसरा दुभाषी बांधून होत होता. वणीला पोचतो तोच त्याचा फोन आला: तिसरा जुळला.