झाकणावरचे साल आणि वाद्याचे वय

बेळगाव-निपाणीकडील काही जुन्या घरांतून उभे जर्मन पियानो अजून आढळतात. बहुतेक मुके झाले आहेत आणि वर तसबिरी मांडल्या आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या वयाविषयी बिनदिक्कत केल्या जाणाऱ्या विधानांविषयी.

पट्ट्यांवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सोनेरी अक्षरांत एखादे साल दिसले, की तेच वाद्याचे जन्मसाल, असे दलाल सांगतो आणि घरची मंडळी मान डोलावतात. वस्तुतः ते बहुधा पेढीच्या स्थापनेचे साल असते. बर्लिनची बेखश्टाइन आणि लाइपझिगची ब्ल्यूट्नर या दोन्ही पेढ्या 1853 च्या, तर इबाख 1794 ची. या न्यायाने विसाव्या शतकातला पियानोही सवाई माधवरावांच्या काळातला ठरावा! पदकांचेही तसेच. पदक 1878 च्या प्रदर्शनाचे असेल तर वाद्य त्यानंतरचे, एवढेच सिद्ध होते.

खरा साक्षीदार क्रमांक. वरचे झाकण उचलले, की लोखंडी चौकटीवर वा लाकडावर तो उमटवलेला दिसतो. कधी पहिल्या पट्टीच्या कडेवरही असतो. नामांकित पेढ्यांच्या क्रमांकांच्या सालवार याद्या प्रसिद्ध आहेत; त्यांवरून वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने वय निघते. पेढी अप्रसिद्ध असेल तर आतली अक्षरे वाचावीत. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट, कायदा 1877 चा. ‘डी. आर. जी. एम.’ ही नोंदणी 1891 पासूनची. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाले. नुसत्या नावावर मात्र विसंबू नये; जर्मन वाटणारे नाव लावून इंग्लंडात जुळवलेले पियानोही थोडे नव्हते.

आणि नेमका हाच पुरावा आपण घासून टाकतो. पॉलिशवाला येतो, जुने रोगण खरवडतो, सोनेरी नाव पुसतो, लाकडावरचा क्रमांक रंगाखाली गाडतो. दोष त्याचा नव्हे, त्याला मोकळे रान देणाऱ्या यजमानाचा. सरकारी नोकरीत दाखल्यावाचून आम्ही कोणाचे वय मान्य केले नाही; इथे मात्र दलालाचा शब्द पुरतो.

‘वाजत नाही, मग क्रमांक कशाला?’ असे कोणी विचारील. 1956 पासून शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे आणि मतदारयाद्या पुरावा म्हणून जिवापाड जपणाऱ्या घरांनी हा प्रश्न विचारावा, याचेच आम्हांस नवल वाटते. आपल्या वाडवडिलांनी कोणते वाद्य केव्हा घरात आणले, हेही या भागातील मराठी घराचे दप्तरच आहे. ते आपण लिहिले नाही, तर दलाल लिहील, आणि त्यात 1794 हेच साल घालील.

तेव्हा येत्या दिवाळीच्या रंगरंगोटीआधी झाकण उचलावे, क्रमांक टिपून घ्यावा आणि खरेदीची पावती सापडल्यास तिच्यासह मंडळाकडे पाठवावा. पॉलिशवाल्यास त्यानंतर बोलवावे.