शेतात की शंकरपटात?

गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, नांदेडहून हिंगोलीला येताना माझी गाडी घसरली. वारंगा फाटा मागं पडला होता, आखाडा बाळापूर यायचं होतं. समोर सोयाबीनची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागं ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. मी सत्तरच्या आसपास होतो. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची खडखड झाली, गाडी सरळच राहिली, पण थांबेना. थांबली तेव्हा ट्रॉलीचा फाळका आणि माझं बॉनेट यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. पोत्यांवर ताडपत्री ओढून बसलेलं पोरगं माझ्याकडं बघून हसलं. मला हसू आलं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षणाचा धडा दरवर्षी माझ्याकडंच असतो.

गाडीबद्दल आधी सांगतो. २०१४ सालची पोलो जीटी टीएसआय, २०१९ मध्ये पुण्याहून जुनी घेतलेली. बाराशे सीसीचं छोटं इंजिन, पण टर्बोमुळं १०५ अश्वशक्ती देणारं. शहाणी माणसं तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत. मी मनातल्या मनात म्हणतो. चाकणच्या कारखान्यात २०२२ मध्ये पोलो बनायची थांबली, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. बायकोनं त्यावर दिलेला शेरा इथं छापण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात टायर बघितली. आपल्याकडं टायरच्या दोनच जाती असतात, चांगलं आणि गोटा. अंगठा नक्षीत रुतला की चांगलं, नाही रुतला की गोटा. माझा रुतला. नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक होती. खाचांच्या तळाशी जी बारीक उंचवट्याची खूण असते, ती १.६ मिलिमीटरची असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं. माझ्या टायरनं त्या हिशेबानं अजून दोन पावसाळे काढले असते. मग घसरली कशी?

उत्तर अकोला बायपासवरच्या पंक्चरवाल्या चाचांनी दिलं. वाकून त्यांनी टायरवर नख दाबलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, नक्षी हाय, पन रबर मेलंय."

टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. माझ्या टायरवर २२१६ होते, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नऊ वर्षं. मी गाडी कमी चालवतो, सावलीत लावतो, म्हणून माझी टायर टिकतात असा माझा अभिमान होता. पण रबर नुसतं घासल्यानं जात नाही. त्यात मऊपणासाठी तेलं असतात, ती वर्षागणिक कमी होतात. हवेतला ओझोन वरच्या थराला बारीक चिरा पाडतो. शिवाय १८३९ साली चार्ल्स गुडइयरनं रबर आणि गंधक एकत्र तापवून जी करामत केली, ती मे महिन्यात आमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीतही कणाकणानं पुढं सरकतच असते. रबराच्या साखळ्यांमध्ये आणखी दुवे जुळत जातात, टायर कडक होतं. (हा गुडइयर कर्जबाजारी होऊन १८६० मध्ये वारला. त्याचं नाव लावणारी कंपनी ३८ वर्षांनी भलत्याच माणसानं काढली. तिचा एक कारखाना आपल्या वाळूजला आहे.)

घरी येऊन मी फळ्यावर मांडतो तसा हिशेब कागदावर मांडला. ओल्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.७ धरू, कडक झालेल्याची ०.५. ताशी ७० च्या वेगावरून पहिली गाडी २८ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ३९ मीटर लागतात. अकरा मीटरचा फरक. पण मला धक्का बसला तो पुढच्या ओळीनं. चांगल्या टायरची गाडी जिथं पूर्ण थांबते, त्या ठिकाणी कडक टायरची गाडी अजून ताशी ३७ च्या वेगानं चाललेली असते. त्या पोराच्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

अजून एक हिशेब. माणसांसकट गाडी चौदाशे किलो धरली तर एका चाकावर साडेतीनशे किलो. हवा ३२ पौंड, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग येतो १५५ चौरस सेंटीमीटर. माझा पंजा आखून मोजला, साधारण तेवढाच भरला. १०५ घोडे, सात गिअर, एबीएस, विमा, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, सगळं काही त्या चार पंजांवर उभं.

तेव्हा टायर बदलायची, आणि या वेळी नीट निवडून बदलायची असं ठरलं. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो या विषयातला पंडित.

"मामा, पंधरा इंची रिम काढून टाका. सोळाची अलॉय घ्या, २०५/४५ टाका. गाडी वळणावर रुळावरून चालल्यासारखी चालेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. टायरवरच्या आकड्यांची भाषा सोपी आहे. माझं टायर १८५/६० आर १५, ८४ एच. रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. रिम १५ इंची. ८४ हा भाराचा आकडा, एका टायरला ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. आता २०५/४५ ची भिंत काढा, ९२ मिलिमीटर भरते. भिंत बुटकी झाली की टायर वळणावर कलत नाही, सुकाणू हातात बोलतं. शर्यतीच्या गाड्यांचं रूप तिथूनच येतं. त्यात भर म्हणजे खऱ्या परफॉर्मन्स टायरांची निवड सोळा-सतरा इंचांपासूनच सुरू होते, पंधरात फारसं काही मिळत नाही.

पण गेलेले ते १९ मिलिमीटर कुठं गेले? ती खड्ड्याची उशी होती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता सोबत घेऊन हलते. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झाला, छान झाला, पण त्यावरून उतरून गावाकडं वळलं की पहिल्याच मोरीला खाच असते. अशा खाचेवर बुटकं टायर रिम आणि डांबर यांच्यात चिमटलं जातं, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेलं टायर दुरुस्त होत नाही. चाचांच्या दुकानामागं तशा फुगे आलेल्या, नक्षी अजून कोवळी असलेल्या टायरांची चळत आहे. बहुतेक सगळी बुटक्या भिंतीची.

हा सगळा घोळ दिवाळीत गावी आमच्या अण्णांपुढं मांडला. वसमत तालुक्यात आमची थोडी हळद आहे. अण्णांनी गाडीला शेवटचं कधी कौतुकानं हात लावला ते मला आठवत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या गाडीला शेतात जायचंय का शंकरपटात?"

शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. मग म्हणाले, बैलाला पत्री मारतानासुद्धा आधी काम बघतात. डांबरीवर ओढायचं असेल तर तशी, निव्वळ नांगराला असेल तर कशाला मारायची.

मी प्रामाणिकपणे डायरी काढली. वर्षभरात माझी गाडी कुठं जाते? हिंगोली-वसमत, हिंगोली-नांदेड, श्रावणात औंढा, अधूनमधून नर्सी. दोन-तीन वेळा पुणे, तेव्हा वाशिमच्या पुढं मालेगावजवळ समृद्धीवर चढून. म्हणजे शंकरपट वर्षातून तीनदा, बाकी शेत. पण ते तीनदाही सोडून देण्यासारखं नाही. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा, मैलोन् मैल सरळ. तिथं टायर फुटण्याच्या इतक्या बातम्या आल्या की प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासून झिजलेल्यांना परत पाठवायची वेळ परिवहन खात्यावर आली. लोक काँक्रीटला दोष देतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा कमी हवेचा आणि म्हाताऱ्या रबराचा असतो. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. १२० च्या वेगात हे सेकंदाला सतरा-अठरा वेळा होतं. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी तापते, तसं टायर आतून तापतं, थर सुटतात आणि मग आवाज येतो. म्हणून तो एच महत्त्वाचा. हिंगोलीत कोण २१० नं जातंय असं विचारू नका. ते अक्षर वेगाचं कमी आणि उष्णता सोसण्याचं जास्त आहे. कंपनीनं दिलंय त्याच्या खालचं अक्षर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

नायट्रोजनबद्दल मला नेहमी विचारतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच, फुकट. भरायचा तर भरा, बिघडत काही नाही, पण त्याच्या भरवशावर महिनोन् महिने हवा न तपासणं म्हणजे ताईत बांधून विहिरीत उडी मारणं. हवा सकाळी, चाकं गार असताना तपासावी. दुपारी तापल्या टायरात काटा चार-पाच पौंड जास्त दाखवतो.

तर माप ठरलं, मूळचंच. १९५/६० चा मोह झाला होता. घेर फक्त दोन टक्के वाढतो, पोलोवाले सर्रास टाकतात. पण मला पावसात पकड हवी होती, आणि रुंद टायर पाणी कापायला अरुंद टायरपेक्षा जास्त कष्ट घेतं.

मग रबर कुठलं? दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती चालेल?" मीही आजवर तेच विचारत आलो. दुकानदारही तेच ऐकवतो, साठ हजार, सत्तर हजार किलोमीटर. पण जास्त चालणारं रबर बहुधा कडक असतं, आणि पकडणारं रबर मऊ असतं, लवकर झिजतं. पुष्कळ टायरांवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. दोनशे-तीनशे असेल तर खेळकर जात, चारशे-पाचशे असेल तर संसारी. प्रत्येक कंपनी तो आपापल्या चाचणीतून देते, म्हणून एका कंपनीचा दुसरीशी ताडून बघू नये. मी दुकानदाराला विचारलं, "ओल्यात किती थांबवेल?" तो क्षणभर गप्प झाला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला दिसत नव्हता.

पहिल्या दुकानात मला हवं तेच टायर भरघोस सवलतीत निघालं. मी चौकट शोधली: ३८२१. चार वर्षं गोदामात पडलेलं. "सर, नवं कोरं आहे, केससुद्धा गेलेले नाहीत," दुकानदार म्हणाला. केस होते खरे. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात चालू वर्षाची मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, हे सदर जाहिरातीचं पान नव्हे. एवढं सांगतो की ओल्या रस्त्यासाठी नावाजलेलं, झिजेच्या आकड्यात मधलं, भिंत मजबूत. भाच्याच्या लेखी ते "काकालोकांचं टायर" आहे. दुकानदाराचा सल्ला होता की दोनच घ्या आणि पुढं टाका, ओढणारी चाकं पुढची आहेत. पुष्कळ जण असंच करतात आणि ते चूक आहे. दोनच घ्यायची तर नवी मागं टाकावीत. पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, आपल्याला कळतं, पाय सुटतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि मग कुणाच्या बापाला सावरत नाही. मी चारही घेतली.

बसवताना गंमत झाली. या टायरांची नक्षी आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी असते, बाजूवर 'आउटसाइड' असं चक्क लिहिलेलं असतं. पोरानं एक चाक उलटं बसवलं, बॅलन्सिंग करून शिशाचे तुकडेही ठोकले. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "सर, गोलच तर हाय." पुन्हा उतरवून, पालथं करून, बॅलन्सिंग करून, मग अलायमेंट. दोन तास गेले. तुमच्याही गाडीला बसवताना तिथंच उभं राहा, चहाला जाऊ नका.

बिलात एक दिलासा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. ट्रॅक्टरच्या टायरवर तर पाचच टक्के. अण्णांना सांगितलं, तर त्यांना पहिल्यांदा या विषयात रस वाटला.

नवं टायर पहिले दीड-दोनशे किलोमीटर जपून चालवावं लागतं, साच्यातून निघताना त्यावर निसरडा थर राहिलेला असतो. तो घालवायला मी औंढ्याला तीन-चार चकरा मारल्या. जवळच दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा उभी राहतेय, अवकाश-काळाची अणूहून बारीक थरथर मोजणारी. माझ्या टायरचा आवाज कमी झाल्याचं तिथं कुणी नोंदवणार नाही, पण झालाय. नंतर एका अवकाळी सरीत, रिकाम्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून मुद्दाम सत्तरवरून ब्रेक दाबला. खडखड झाली नाही. गाडी थांबली.

जुनी चार टायर चाचांनी ठेवून घेतली. ती टायरगाडीला चालतात, तिथं वेग बैलाचा असतो.

राहिली स्टेपनी. डिकी उघडून चौकट वाचली: ०९१४. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, केस जसेच्या तसे. पुढच्या पगाराला तिचा नंबर आहे. तोवर औंढ्याच्या पुढं जात नाही.